पहिल्या मात्रेला टाळी नाही

नेर्लेकरकाकांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक रूपक ताल आणि दुसरं लोखंडी कुलूप. त्यातही कुलपावर जरा कमीच, कारण कुलपाची दुसरी किल्ली जगात कुणाकडे तरी असतेच, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आयर्लंडात, डब्लिनजवळच्या डून लेरीतल्या त्यांच्या चिंचोळ्या घराच्या दाराला त्यांनी नऊ कुलपं लावली होती. पत्र द्यायला आलेला पोस्टमन पहिलं कुलूप उघडताना तरणाताठा असायचा आणि नववं उघडेपर्यंत त्याच्या कानावरचे केस पिकलेले असायचे.

तुम्ही म्हणाल, नऊ? बरं, चार. पण चार कुलपांनी माणसाचा स्वभाव कळत नाही.

मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा दिवाळी होती. सँट्रीतल्या ऑफिसातून लवकर निघून, पुण्याहून आईने पाठवलेल्या फराळाचं ताट घेऊन मी त्यांची बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं. फटीत एक डोळा आणि अर्धी मिशी.

"कोण?"

"काका, मी शेजारी आलोय. पुण्याचा. फराळ आणलाय."

"कुणी पाठवलं?"

"आईने. चकल्या तिच्याच हातच्या आहेत."

"चकल्यांना कोण विचारतंय! तुला कुणी पाठवलं?"

मला कुणी पाठवलेलं नाही, हे पटवून देण्यात काही वेळ गेला. मग त्यांनी मला माझ्याच ताटातली एक चकली खायला लावली. मग एक करंजी. मग म्हणाले, "आता थांब." समुद्रावरून असा वारा येत होता की माझी सावली दोनदा उडून समोरच्या कुंपणाला अडकली. पंधरा मिनिटांनी फटीतून प्रश्न आला, "पोटात काही होतंय का?"

"नाही हो. थंडी वाजतेय."

"ती चकलीची नव्हे," असं म्हणून त्यांनी ताट आत घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ताट लखलखीत घासून परत आलं. आपल्यात ताट रिकामं परत करत नाहीत. मूळचे इचलकरंजीचे नेर्लेकरकाका आयर्लंडमध्ये किती वर्षं राहिले देव जाणे, पण ही रीत विसरले नव्हते. ताटात एक कोरं कुलूप होतं. "एकटा राहतोस. लाव," म्हणाले. आमचा स्नेह जडला तो असा.

विश्वास ठेवावा, पण दार लावून ठेवावा, ही त्यांची आवडती म्हण. आवडती म्हणजे त्यांनीच केलेली. टी-बॅग कात्रीने कापून आतली भुकटी ते वर्तमानपत्रावर पसरत आणि चष्मा काढून तपासत. हवामान खात्याने ऊन सांगितलं की छत्री घेत, पाऊस सांगितला तरी छत्री घेत, आणि काहीच सांगितलं नाही तर घराबाहेर पडत नसत. इथल्या लोकांच्या बोलण्यावर तर त्यांचा विशेष राग. "ह्यांचं सगळं ग्रँडच असतं. घर जळालं तरी ग्रँड, बायको पळाली तरी ग्रँड. लपवतात काहीतरी." तुम्ही आयर्लंडला कधी आलात, का आलात, हे त्यांना विचारलं की उत्तर एकच यायचं, "कुणी विचारायला सांगितलं?" भिंतीवर त्यांच्या आयरिश बायकोचा, ब्रीडाकाकूंचा, हसरा फोटो होता. त्या बऱ्याच आधी गेल्या होत्या. फोटोखाली मात्र काका कधी शंका काढायचे नाहीत. रोज तिथली फुलदाणी पुसायचे.

दर रविवारी सकाळी ते सिटीवेस्टला तबला शिकवायला जात. आमच्या मराठी मंडळाने तिथल्या वसाहतीत एक खोली मिळवून दिली होती. खोलीला लागून छोटं स्वयंपाकघर, आणि शिकायला नऊ पोरं. डार्ट म्हणजे इथल्या लोकलने शहरात जायचं आणि तिथून लुआस ट्रामची रेड लाइन पकडायची. तबला काकांच्या मांडीवर आणि डग्गा माझ्या. डग्ग्याच्या पिशवीचा बंद ते माझ्या मनगटाला बांधत. "अहो काका, मी कुठे पळतोय डग्गा घेऊन?" "पळणारे असंच म्हणतात."

त्या खोलीत मात्र हा माणूस बदलायचा. पोरांना मराठी कळतं, पण उत्तर येतं ते डब्लिनच्या इंग्रजीत. काका मांडी घालून बसत आणि रूपक मोजून दाखवत. मात्रा सात. बाकीच्या तालांत पहिल्या मात्रेला ठणठणीत टाळी असते, रूपकात तिथे टाळीच नाही. तिथे हात नुसता हवेत मोकळा करायचा. त्याला खाली म्हणतात. टाळ्या चौथीला आणि सहावीला.

"बट काका," आठ वर्षांची इरा दर रविवारी भांडायची, "द वन इज द बिग वन!"

"म्हणूनच. सगळे येऊन जिथे पोचतात, तिथे हात मोकळा ठेवायचा. पहिल्या मात्रेला टाळी नाही. म्हणा."

पोरं म्हणायची. काकांचा चेहरा तेव्हा असा उजळायचा की बाहेर ढगांना वाटायचं आपलं काही चुकलं, आणि सिटीवेस्टवर चक्क ऊन पडायचं. आठवडाभर जगावर संशय घ्यायला जी ताकद लागते, ती ते त्या एका तासात भरून घेत असावेत. दुसरं होतं काय त्यांच्याकडे?

आता एका जोडीविषयी सांगतो.

एकदा जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक रेकॉर्ड मिळाली. पूर्वी इंग्लंडातल्या प्रत्येक दाढीवाल्याच्या हातात कुणीतरी सतार दिली होती, त्या काळातली. कव्हरवर दोन तरुण, एक झग्यात आणि एक झाडात. नाव सांगत नाही, कारण "नाव लिहिलंस तर वकील येतील," अशी काकांची सक्त ताकीद होती. एका गाण्यात एक गोगलगाय समुद्रात राजवाडा शोधायला निघते. मध्येच सतार येते, मग बासरी, मग कुणीतरी पितळी वाट्या आपटतं, मग आपल्याला संशय येतो की गोगलगायच सतार वाजवतेय. दोघांचे आवाज एकमेकांना धरून चालत नाहीत, एक जिन्याने चढतो आणि दुसरा खिडकीतून येतो. मला काही कळलं नाही, पण सुई उचलवेना. शेवटी कुत्रं भुंकतं आणि गाणं संपतं.

तेवढ्यात भिंतीवर तीन ठोके पडले. मला वाटलं आवाज कमी करायचाय. काका दारात उभे, स्वतःहून, चारही कुलपं मागे उघडी टाकून!

"ते सातातलं पुन्हा लाव."

लावलं. उभ्यानेच ऐकलं. कुत्रं भुंकल्यावर म्हणाले, "ह्या दोघांना सात मोजायला मी शिकवलं."

आता मी स्वतः थापाडा माणूस. धंद्यातला माणूस समोर आला की आपण लगेच ओळखतो. मी मनात म्हटलं, वा नेर्लेकर, छुपे रुस्तम निघालात! पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते फारच किरकोळ होतं.

"ब्रिस्टॉलला शिकत होतो. पोटासाठी एका कॅफेत भांडी घासायचो. हे दोघं तिथे गायचे. ऊब फक्त स्वयंपाकघरात, म्हणून तिथेच येऊन बसायचे आणि ह्याच गाण्यावर अडखळायचे. पहिल्या मात्रेला धाडकन टाळी मारायचे, की चौथीला गाडी रुळाखाली. महिनाभर ऐकलं. शेवटी कान किटले. मी बेसिनकडे तोंड करून उभा, पाठ ह्यांच्याकडे, हात साबणाच्या पाण्यात. तसाच वर केला. म्हटलं, पहिली मोकळी. चौथीला आणि सहावीला कढई बडवून दाखवली."

"मग?"

"मग काय? ताटं उरली होती."

"ओळख, नाव, काही?"

"आपलं नाव कशाला सांगायचं कुणाला?"

झालं. एवढीच गोष्ट. मला शंका आली ती इथेच. थाप कधी इतकी लहान नसते. आणि खरं इतकं लहान असेल तर ते सांगायला माणूस चार कुलपं उघडी टाकून येत नाही. ह्या दोन शंकांमध्ये मी महिनोन्महिने लोंबकळत राहिलो.

मग गणपती आले, आणि मी माती खाल्ली.

मंडळाच्या कार्यक्रमात पोरांचा तबला होता आणि काकांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे. समोर माइक, समोर दीडशे माणसं, पोटात मोदक. अशा वेळी 'ह्यांनी भांडी घासता घासता हात हलवला' असं सांगणारा माणूस मराठी नव्हेच. मी बेसिन काढून टाकलं. तिथे लंडनचं एक झुंबरांचं सभागृह बसवलं. काकांच्या हाती तबला दिला. त्या रेकॉर्डवर जगाने जो तबला ऐकला तो ह्याच बोटांचा, असं ठणकावून सांगितलं. जोडीने काकांचे पाय धरले, तिसरा भिडू व्हा म्हणून तीन दिवस जिन्यात उपाशी बसली. टाळ्या पडल्या. मागे बसलेले काका काहीतरी पुटपुटले, पण ढोलताशात कुणाला ऐकू गेलं नाही.

इराची आई मंजिरी. नागपूरची, आणि व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे संशय घेण्याचा पगार मिळतो असं माणूस. तिने घरी जाऊन ती अख्खी रेकॉर्ड ऐकली आणि रात्रीच्या जेवणाआधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ह्या रेकॉर्डवर तबला नाहीच. कुठेच नाही. कव्हरवर दोघांची नावं आहेत आणि एका कुत्र्याचं. मुलांसमोर इतकं खोटं बोलणाऱ्या माणसाकडे आपण मुलं का पाठवतो?"

कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. आणि खोटं बोललेला माणूस म्हणजे काका, असंच सगळ्यांनी धरलं. मी काय करायला हवं होतं ते सरळ होतं. मी केलं काय, तर 'जुन्या आठवणींत थोडं इकडचं तिकडे होतंच' असा एक गुळगुळीत निरोप टाकला. त्याने सगळ्यांची उरलीसुरली शंका फिटली.

पुढच्या रविवारी आम्ही सिटीवेस्टला पोचलो तर खोली रिकामी. काकांनी तबला सुरात लावला. एक तास बसले. मी दाराकडे बघत होतो, ते बघत नव्हते. तास संपल्यावर हातोडी पिशवीत ठेवली, एक कप न वापरताच धुतला, आणि लुआसमध्ये एवढंच म्हणाले, "मी हात हलवला म्हणालो होतो. तबला तू वाजवलास."

त्या दिवशी त्यांनी डग्ग्याचा बंद माझ्या मनगटाला बांधला नाही. माझ्या आयुष्यात मला झालेली सगळ्यात मोठी शिक्षा ती. दुसऱ्या रविवारीही खोली रिकामी होती. खोली सोडून द्यायची का, असं मंडळाने विचारलं आणि महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

आणि तेव्हाच डून लेरीत समुद्राकाठच्या सभागृहावर पोस्टर लागलं. जोडीतला एकजण येतोय. दुसरा आता विमानात बसत नाही म्हणे. रविवारी दुपारचा कार्यक्रम, कारण ऐकणारे सगळे सत्तरीच्या पुढचे.

मंजिरीला मी फोन केला. "ये. समोरासमोर होऊ दे."

"येतेच," ती म्हणाली. "पण तू मध्ये बोलायचं नाहीस बापा."

काकांना नेणं अवघड होतं. चला म्हटलं असतं तर डाव म्हणाले असते. म्हणून मी म्हटलं, "काका, त्या कार्यक्रमाला तुम्ही अजिबात येऊ नका."

"का? काय लपवतोस?" आणि कोट घालून माझ्याआधी दारात.

कोटाचे दोन्ही खिसे सेफ्टी पिनांनी बंद केलेले. दाराजवळची खुर्ची त्यांनी निवडली, म्हणजे पळता येतं. मी मध्ये, मंजिरी माझ्या पलीकडे. काकांच्या शेजारी जांभळी लोकरीची टोपी घातलेली एक आयरिश आजी होती. सभागृहात हजार माणसं. काका म्हणाले, "एकशे साठ. मोजलीत मी."

पांढऱ्या वेणीचा तो म्हातारा एकटाच आला आणि गिटार घेऊन बसला. झग्यातला की झाडातला, ओळखू येईना. आवाज फुटक्या बशीसारखा झाला होता, पण अजून खिडकीतूनच यायचा. चारपाच गाणी झाली. मग त्याने गोगलगायीचं धरलं, आणि सबंध सभागृह सरसावून बसलं.

पहिली मात्रा आली आणि एकशे साठ हात वर गेले. टाळी नाही. मोकळे. चौथीला टाळी, सहावीला टाळी. पुन्हा पहिली, पुन्हा एकशे साठ हात मोकळे. आयर्लंडचे पिकल्या केसांचे आजोबा-आज्या, ज्यांनी रूपकाचं नावही ऐकलं नव्हतं, ते चोख रूपक धरत होते!

पण त्यात एक गंमत होती. हात वर गेला की प्रत्येकजण बोटं झटकत होता. पाणी झटकावं तशी.

"हे असं का करता?" मी आजीला वाकून विचारलं.

"पहिलीला झटकायचं असतं राजा. कायम असंच करतात," आजी म्हणाली. "ह्यानेच शिकवलं सगळ्यांना. का ते देवाला ठाऊक. माझा नवरा म्हणायचा, भुतं झटकतात."

मी काकांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"झटका नसतो," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"खालीला झटका नसतो रे. हात ओला होता म्हणून झटकला मी. ह्यांनी तोही शिकून घेतला."

माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा की पुढच्या रांगेतल्याला टोचला असेल. मी वळलो. "मंजिरी, ऐक, हे झटकतात ना, त्याचं कारण..."

"थांब!" तिने पंजा आडवा धरला. "तुझ्या तोंडून निघालं की खरंही बाद होतं. काका तुला आधी काय म्हणाले होते ते ह्या कागदावर लिही. मी वाचणार नाही. आधी त्याला विचारते, मग उघडते. टेस्ट अशीच करतात."

मी लिहिलं. जन्मात पहिल्यांदा काही न वाढवता. 'बेसिन. ओला हात. पाठ त्या दोघांकडे.' तिने घडी करून पर्समध्ये टाकली.

कार्यक्रम संपल्यावर तो म्हातारा रेकॉर्डींवर सह्या करत बसला. मंजिरी रांगेत. मी तिच्या मागे, तोंड दाबून. तिने विचारलं, पहिल्या मात्रेला बोटं का झटकायची?

तो हसला. म्हणाला, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. एका कॅफेच्या स्वयंपाकघरात एक माणूस भांडी घासायचा. त्याचा चेहरा कधी नीट पाहिला नाही, नेहमी पाठ आमच्याकडे. एक दिवस त्याने हात वर केला आणि आमच्या तोंडावर पाणी उडालं. त्याने केलं तसं आम्ही केलं. रेकॉर्डवर छापायला त्याचं नाव विचारायला गेलो, तर तो सोडून गेला होता. जागा ठेवलेली होती, म्हणून कुत्र्याचं नाव छापलं.

मंजिरीने कागद उघडला. वाचला. पुन्हा वाचला. मग मागच्या बाजूला मोठ्या इंग्रजी अक्षरांत दिगंबर नेर्लेकर असं लिहून तो कागद म्हाताऱ्यासमोर ठेवला आणि धावत बाहेर आली. काका कोट ठेवायच्या जागेपाशी उभे होते, तिथल्या बाईवर नजर ठेवून.

"काका, चला आत. तो तुम्हाला शोधत होता."

"का शोधत होता?"

"अहो, नाव छापायला! मी दिलं आत्ता."

"नाव दिलंस? पत्ता तर नाही ना दिला?"

"काका, चला ना. एकदा भेटा."

त्यांनी एका खिशाची पिन काढली, पुन्हा लावली. "भेटून काय सांगू? झटका चुकलाय म्हणून? एवढी माणसं हौसेने करताहेत पोरी. राहू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "चौथीची टाळी मात्र स्वच्छ होती," आणि समुद्राच्या बाजूने घराकडे चालू लागले. त्यांच्या मागे मंजिरी, तिच्या मागे मी.  मग मंजिरी त्यांच्या बरोबरीने चालायला लागली आणि खाली बघत म्हणाली, "काका, माझं चुकलं."

"संशय घेतलास ना? चांगलं केलंस," काका म्हणाले. "चुकीच्या माणसावर घेतलास, एवढंच."

दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर तिचा निरोप आला. त्यात आधी झालेलं सगळं, म्हाताऱ्याचं बोलणं, कागद, आणि शेवटी एक ओळ. 'काका खरे. थापा पुणेकराच्या.' त्याखाली मी पहिल्यांदाच सरळ लिहिलं, 'हो. माझ्याच.' तरी तिघांनी विचारलं, हे नक्की खरं ना?

पुढच्या रविवारी खोलीत अकरा पोरं होती. काका दारातच थबकले. "अकरा? कुणी पाठवलं?" पण लुआसमध्ये डग्ग्याचा बंद माझ्या मनगटाला बांधलेला होता, गाठ मारून.

त्यानंतरचा हिवाळा काकांनी पाहिला नाही. झोपेतच गेले. दार उघडायला माणूस बोलवावा लागला, आणि त्याला किती वेळ लागला हे मी सांगणार नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

मला ते आठवतात ते त्याआधीच्या एका रविवारचे. वर्ग संपून पोरं चहाबिस्किटं खाऊन पुन्हा मोजायला बसली होती, इरा सगळ्यांवर ओरडत होती. काका छोट्या स्वयंपाकघरात कप धूत होते, कारण दुसऱ्याने धुतलेल्या कपावर त्यांचा विश्वास नव्हता. मी दारात उभा. त्यांची पाठ माझ्याकडे, हात साबणाच्या पाण्यात. बाहेर पोरांनी रूपक धरला. पहिल्या मात्रेला काकांचा हात पाण्यातून वर आला, मोकळा झाला आणि झटकला गेला. चौथीला त्यांनी बेसिनच्या कडेवर थाप मारली.

माझ्या चष्म्यावर दोन थेंब उडाले. ते मी घरी जाईपर्यंत तसेच राहू दिले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण नाही. लगेच पुसले.